झाकणाच्या आतली खूण

४ फेब्रुवारी

ताई,

'ताई'च्या आधीची जागा कोरी ठेवली आहे. 'प्रिय' लिहिलं असतं तर तू हसली असतीस आणि 'आदरणीय' लिहिलं असतं तर कागद तिथेच टाकला असतास. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पाकीट हॉस्पिटलच्या पत्त्यावर पाठवतोय. 'उपकरण दुरुस्ती विभाग' एवढं लिहिलं की तुझ्यापर्यंत पोचतं, असं मावशी म्हणाली.

सात वर्षांत पहिलं पत्र आणि त्यात काम, असं नको, म्हणून आधी घरचं सांगतो. आप्पांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. दिसतं, पण बारीक काम बंद. भिंग डबीत गेलं. तरी सकाळी नऊला दुकानात हजर. आलेलं प्रत्येक घड्याळ कानाला लावतात आणि निकाल देतात, "हे लंगडतंय," किंवा "याला काही झालेलं नाही, मालकाला झालंय." गिऱ्हाईक हसतं. मी घड्याळ उघडतो, तर आप्पांचं बरोबर निघतं.

माझं लग्न झालं हे तुझ्या कानावर आलंच असेल. तुझी भावजय रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. दिवसभर लोकांना सुया टोचते आणि उरलेल्या घरी आणून मला. तुझं आणि तिचं पटेल.

आता काम. एक जुनं खिशातलं घड्याळ आलंय, साखळीचं. एका गिऱ्हाइकाच्या आजोबांचं. आडवं ठेवलं की अगदी बरोबर चालतं. उभं धरलं की दिवसाला चार मिनिटं मागे. साफ केलं, तेल बदललं, चाकाचा तोल दोनदा पाहिला. आप्पा कानाला लावून म्हणाले, "उभं राहिलं की याला धाप लागते." पण कुठे, ते त्यांना आता दिसत नाही. मलाही दिसत नाहीये.

असं घड्याळ कधी तुझ्या हाताखालून गेलं होतं का? दोन ओळी टाकल्यास तरी पुरे.

तुझा,
ठोंब्या

२१ फेब्रुवारी

ताई,

कार्ड मिळालं. "तोल बघत बसू नकोस. चाकाचा आस भिंगाखाली धर. एका बाजूने झिजला असेल. नवा कातावा लागेल." मोजून पंधरा शब्द. त्यात माझं नाव नाही, तुझंही नाही. मी ते दोनदा वाचलं आणि भिंग लावलं. आस झिजलेलाच होता. इतके दिवस मी त्याच चाकाकडे बघत होतो.

आता नवा कातायचा म्हणजे काय ते तुला वेगळं सांगायला नको. तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा आणि त्याची टोकं केसाहून बारीक. मी तीन कातले. पहिला मोडला. दुसरा बसला, पण चाक दारुड्यासारखं डुलत होतं. तिसरा लेथवरून जो उडाला तो अजून सापडलेला नाही. आप्पा आता चप्पल झटकून घालतात.

म्हणून एक धाडस करतोय. चाक या डबीत पाठवलं आहे. जाताना तू घरातून एकच वस्तू नेलीस, तो छोटा लेथ. तो अजून तुझ्याकडे असेल असं धरून चालतोय. महिनाअखेर हातात मिळालं तर फार बरं. गिऱ्हाईक परगावी जाणार आहे, घाई करतंय.

नको असेल तर तसंच परत पाठव. मी काही मनात धरणार नाही. मनात धरायचा हक्क माझा नाही, हे मला ठाऊक आहे.

ठोंब्या

१२ मार्च

ताई,

गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत, कापसात, चाक सुखरूप पोचलं. सोबत तुझी चिठ्ठी: "बसव. दाबू नकोस." मी बसवलं. दाबलं नाही. घड्याळ आडवं, उभं, पालथं, सगळ्या बाजूंनी पाच दिवस चालवलं. फरक आठ सेकंद.

आप्पांनी ते कानाला लावलं आणि बराच वेळ खाली घेतलं नाही. मग म्हणाले, "हे तू केलेलं नाहीस."

मी म्हटलं, "मग कोणी केलं?"

त्यांनी चहा सांगितला.

गिऱ्हाईक खूश आहे. झाकण लावण्याआधी सवयीने सुई हातात घेतली होती. दुरुस्त करणाऱ्याने झाकणाच्या आत आपली खूण आणि महिना कोरायचा, ही आप्पांची शिस्त. माझी खूण दोन रेघा आणि टिंब. या वेळी कोरली नाही. गिऱ्हाइकाकडे ती पद्धत चालत नाही.

तुझे उपकार कसे फेडायचे ते सुचत नाही. हॉस्पिटलात अजून कंत्राटावरच आहेस का? मावशी म्हणत होती की तिथे तुला मदतनीसच लिहितात आणि मशीन बंद पडलं की सगळे मदतनिसाकडेच धावतात.

आणखी लिहायचं होतं. पुढच्या वेळी.

ठोंब्या

१९ मार्च

ताई,

पुढची वेळ लवकर आली, कारण तुझ्या भावजयीला कपाटात एक कागद सापडला. ती म्हणाली, "हे तू तिला लिहून कळवणार, की मी कळवू?" मी म्हटलं मी कळवतो. ती म्हणाली, "आणि उद्या माझ्या लॅबचे रिपोर्टही तुझ्या नावाने काढशील का, तेही आत्ताच सांगून ठेव."

ते घड्याळ कुठल्या गिऱ्हाइकाच्या आजोबांचं नव्हतं. म्युझियमचं होतं. घड्याळांच्या दालनासाठी त्यांना कायमचा दुरुस्तीकार हवा आहे आणि ती चाचणी होती. मी उत्तीर्ण झालो. सोळा तारखेला नेमणुकीचं पत्र आलं, तोच तो कपाटातला कागद.

हे सुरू कसं झालं ते सांगतो. म्युझियमला कोणीतरी तीन जुनी घड्याळं भेट दिली. तिथल्या जतन विभागाच्या प्रमुख बाईंनी ती उघडली. आतलं काम बघून त्या थक्क झाल्या. झाकणाच्या आत दोन रेघा आणि टिंब, तीनही ठिकाणी. त्या खुणेचा माग काढत त्या आमच्या दुकानात आल्या आणि काउंटरवर उभं राहून म्हणाल्या, "हे हात मला बघायचे होते." मी माझे हात दाखवले.

ती तीनही घड्याळं मला आठवतात. त्यातल्या एकाची तारेची कमान तू पडद्यामागे बसून दोन दिवस सरळ करत होतीस आणि मी पडद्याच्या या बाजूला त्याच्या मालकाशी गप्पा मारत होतो. काम झाल्यावर माझी खूण तूच कोरलीस. माझ्या हातून ती वाकडी यायची.

आता मुख्य गोष्ट. त्या जागेसाठी तूही अर्ज केला होतास. मला जानेवारीपासून माहीत होतं. तू आमच्या दुकानातली नऊ वर्षं अनुभव म्हणून लिहिलीस, तेव्हा म्युझियमने खातरजमेसाठी फॉर्म दुकानाच्या पत्त्यावर पाठवला. प्रश्न एकच होता: अर्जदाराने आपल्याकडे घड्याळदुरुस्तीचे काम केले, हे खरे का? त्याखाली चार ओळींची जागा. त्या चार ओळींत उत्तर गेलं: "घरची मुलगी म्हणून मदत करत असे. सुटे भाग पुसणे, काउंटर सांभाळणे, चहापाणी. प्रत्यक्ष दुरुस्ती नाही."

आप्पांनी सांगितलं तसं मी लिहिलं. त्यांचे डोळे तेव्हा बांधलेले होते, मी वाचून दाखवलं आणि त्यांनी तोंडी सांगितलं. तुला आप्पा माहीत आहेत. त्यांच्यापुढे मी काय बोलणार.

तुझा अर्ज त्या फॉर्मवर अडला आणि चाचणीचं घड्याळ तुझ्यापर्यंत पोचलंच नाही. म्हणजे पोचलं, पण माझ्याकडून.

मला माफ कर असं लिहिणार होतो. ते वाक्य खोडलं आहे, कागदावर दिसेलच.

ठोंब्या

२३ मार्च

मागच्या पत्रात एक खोटं आहे. पत्र पेटीत टाकलं आणि चार दिवस भाकरीचा घास गिळताना ते आठवत राहिलं.

आप्पांनी तसं सांगितलं नव्हतं. मी फॉर्म वाचून दाखवला. ते पलंगावर उताणे होते, डोळ्यांवर पट्ट्या. म्हणाले, "जे आहे ते लिही. मी एकदा लिहिलंय, तेवढं पुरे झालं." मी हो म्हटलं, बाहेर दुकानात गेलो आणि त्या चार ओळी लिहिल्या. खाली त्यांचा शिक्का मारला. शिक्का मारताना हात थरथरला नाही, ताई. कातताना थरथरतो. तेव्हा नाही.

"एकदा लिहिलंय" म्हणजे काय ते आपल्या तिघांनाच माहीत आहे. घड्याळाच्या शाळेत एका दुकानातून एकालाच घ्यायचे आणि हातच्या कामाचा नमुना मागायचे. तू आस कातला होतास. आप्पांनी नमुन्याच्या डबीवर माझं नाव लिहिलं. म्हणाले, "हिला पाठवून काय, उद्या सासरी जाईल. दुकान तर याला चालवायचंय." तू सासरी गेली नाहीस आणि दुकान मला चालवता आलं नाही, तो भाग वेगळा. दोन वर्षं मी तिथे शिक्षकांना विनोद सांगून काढली. सर्टिफिकेट भिंतीवर आहे. तुझ्याकडे ते नाही, म्हणून तू मदतनीस.

पण तू घर सोडलंस ते त्या डबीमुळे नाही. मी बरीच वर्षं स्वतःला तसं सांगितलं, कारण डबीवर अक्षर आप्पांचं होतं.

तो बुधवार होता. मी शाळेतून परत आल्याला महिना झाला असेल. ते निवृत्त न्यायाधीश घड्याळ न्यायला आले, उघडून बघितलं आणि मला म्हणाले, "हात सोन्याचे आहेत तुझे." मग पडद्यातून तू बाहेर आलीस, तर तुला म्हणाले, "बेटा, जरा पाणी आण." तू पाणी आणलंस. ते गेल्यावर तू आप्पांना म्हणालीस, "मला पुढे बसायचंय." एवढंच. पगार मागितला नाहीस, खूण मागितली नाहीस. पुढे बसायचं होतं, जिथे घड्याळ देणारा माणूस दिसतो.

आप्पा म्हणाले, "गिऱ्हाईक बाईच्या हातात घड्याळ देत नाही." त्यांच्याकडून दुसरं काही निघेल असं तुलाही वाटलं नसावं. तू माझ्याकडे बघितलंस. आणि मी म्हटलं, "ही पुढे बसली तर मी मागे बसून काय करू? झोपू?"

तेव्हा दुकानात शेजारचा चष्मेवाला होता, पोस्टमन होता. दोघं पोट धरून हसले. मीही हसलो. चांगला विनोद केल्यासारखा हसलो. तू ॲप्रन काढलास, घडी घातलीस. त्या घडीवर हात फिरवलास. दुसऱ्या दिवशी तू नव्हतीस.

तो विनोद मी नंतरही सांगितला आहे. लग्नात सांगितला. तुझ्या भावजयीने तेव्हाच विचारलं होतं, "मग तू मागे बसून खरंच काय केलं असतंस?" मी म्हटलं, गंमत होती ती.

आता तिने मला नेमणुकीचं पत्र समोर ठेवायला लावलं आहे. ओरडत नाही, रडत नाही. ताट वाढते आणि विचारते, "कधी जाणार?" मी म्हणतो जातो. परवा म्हणाली, "तुला भीती नोकरी जायची आहे, की लोकांना कळायची?"

मी म्हटलं, दुसरी.

"बरं," म्हणाली. "खरं बोललास. आता तिकडे जाऊन बोल."

सोमवारी जातोय.

६ एप्रिल

ताई,

गेलो होतो. घडलं ते घडलं तसं सांगतो, सारवासारव करत नाही.

लांब टेबल होतं. एका बाजूला तिघं: संचालक, अभियांत्रिकीचे एक निवृत्त प्राध्यापक आणि जतन विभागाच्या त्या बाई. त्यांना वाटलं मी रुजू व्हायची तारीख सांगायला आलोय. मी म्हटलं, नेमणूक मला नको. ज्या कामावर ती मिळाली ते काम माझं नाही. ती तीन घड्याळं माझ्या बहिणीच्या हातची, चाचणीचं चाकही तिनेच केलं, आणि तिच्या फॉर्मवर मी खोटं लिहिलं.

मला वाटलं आता शिपाई बोलावतील. संचालकांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "बहिणीसाठी कायमची नोकरी सोडणारा भाऊ मी पहिल्यांदा बघतोय."

प्राध्यापक म्हणाले, "संस्कार. दुसरं काय."

मला कळेचना. मी चोरी कबूल करत होतो आणि ते माझ्या गळ्यात हार घालायला निघाले होते. मी म्हटलं, "साहेब, मी सोडत नाहीये. मला हे काम येत नाही."

"असं म्हणणाराच खरा कारागीर असतो," संचालक म्हणाले. "बहिणीलाही काहीतरी बघू आपण. साफसफाईच्या कामाला, वस्तू हाताळायला, अशा बायका लागतातच."

एका फॉर्मवरच्या चार ओळींत मी तुला चहापाणी करणारी म्हटलं, ते त्यांनी क्षणात मानलं. आता तासभर उलटं सांगत होतो, ते मानायला कोणी तयार नाही. माझं खोटं पटलं आणि माझं खरं हे माझं मोठेपण ठरलं.

बाई उठल्या, एक ट्रे आणला, दिवा ओढला आणि म्हणाल्या, "बसा. करून दाखवा."

ट्रेमध्ये गुंतलेल्या कमानी होत्या, सरावासाठी ठेवलेल्या. केसाएवढी पोलादी तार, तिचे वेटोळे एकमेकांत अडकलेले. तू बोलता बोलता सोडवायचीस. मी चिमटा घेतला. दोन वेटोळे सुटले, तिसऱ्याला ती टिचली. आवाज एवढासा, पण खोलीत सगळ्यांनी ऐकला.

प्राध्यापक म्हणाले, "दडपण येतं माणसाला. चहा घ्या, मग परत बसा."

चहा आला. मी तो प्यालो आणि पिताना एवढंच मनात होतं की तुझ्या हातून पहिली कमान मोडली असती तर तुला चहा कोणी विचारला नसता.

दुसरीही मोडली. संचालक म्हणाले, "आज यांचा दिवस बरा दिसत नाही."

मी बाईंना म्हटलं, "तिसरी मोडू का?"

"नको," त्या म्हणाल्या. "मला पटलं. आणि कमानी मोजक्याच आहेत."

मग त्यांनी विचारलं, चाचणीचं चाक बहिणीकडे पोचलं कसं. पोस्टाने, म्हटलं. रजिस्टर होतं. तेव्हा मात्र त्या चिडल्या. इतक्या जुन्या घड्याळाचं चाक, म्युझियमचं, कापसात गुंडाळून पोस्टाने. आमचं दुकान त्यांच्या यादीतून कायमचं काढलं. लेखी पत्र देणार आहेत. मी म्हटलं, द्या. त्यात मला पहिल्यांदा बरं वाटलं, कारण निदान एका गोष्टीबद्दल तिथे कोणीतरी मला दोष दिला.

त्यांनी तुझा नंबर मागितला. मी दिला आणि सांगितलं की माझा फोन ती उचलत नाही, तुमचा उचलेल. चाचणी घेणार आहेत, समोर बसवून, चोवीस तारखेला. यायचं की नाही हे तू ठरव. माझ्यासाठी येऊ नकोस आणि माझ्यामुळे टाळूही नकोस.

घरी आलो तेव्हा आप्पा दारातच होते. "दाखवलंस करून?"

"दाखवलं."

"किती मोडल्या?"

"दोन."

"शिकताना अकरा मोडल्या होत्यास," आप्पा म्हणाले आणि आत गेले.

चष्मेवाल्याला सगळं कळलंय. बाजारात आता मी दिसलो की लोक घड्याळाकडे बघतात. दोन गिऱ्हाइकं घड्याळं परत घेऊन गेली. एकाने जाताना विचारलं, "मग हे दुरुस्त कोण करतं?" मी म्हटलं, सात वर्षांपासून कोणीच नाही.

ठोंब्या

२८ एप्रिल

ताई,

"स्टेशनवर येऊ नकोस," हे तुझं कार्ड वेळेवर मिळालं. आलो नाही. आप्पांना मात्र यायचं होतं. स्वच्छ शर्ट घालून सकाळी आठपासून खुर्चीत बसले होते. मी कार्ड वाचून दाखवलं. म्हणाले, "त्यात माझं नाव आहे का?" मी म्हटलं, नाही. त्यांनी शर्ट बदलला.

काल नेमणूक सोडल्याच्या कागदावर सही करायला म्युझियममध्ये जावं लागलं. तुझ्या चाचणीबद्दल मी विचारलं नव्हतं, बाईंनीच सांगितलं. तू चार तास बसलीस, चहा घेतला नाहीस, कमान सोडवलीस, आस कातलास. प्राध्यापकांनी शेवटी विचारलं, "शिकलात कुठे?" आणि तू म्हणालीस, "वडील भावाला शिकवायचे. मी दिवा धरायचे."

बाई हे सांगत होत्या तेव्हा मी टेबलाच्या कडेकडे बघत होतो. मला ते आठवत होतं. आप्पा माझ्या मानेवर हात ठेवून दाखवायचे आणि दिवा हलला की तुझ्यावर खेकसायचे, "लक्ष कुठंय तुझं?"

दुकानात येऊन मी आप्पांना तुझं वाक्य सांगितलं, जसंच्या तसं. त्यांनी हातातलं घड्याळ कानापासून काढलं. दुकान बंद करायला सांगितलं. सकाळचे अकरा वाजले होते. आजवर त्यांनी दुकान अकराला कधी बंद केलेलं नाही. आई गेली त्या दिवशीही दुपारी उघडलं होतं. घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. रात्री जेवताना मला म्हणाले, "तिला लिही की…" आणि मग म्हणाले, "नको. मीच सांगेन कुणाकडून तरी लिहून घेऊन. तू लिहू नकोस." मला राग आला नाही.

जागा तुला मिळाली याचा आनंद झाला असं लिहायला माझी जीभ, म्हणजे पेन, रेटत नाही. जे तुझं होतं ते तुला परत मिळालं, त्यात मी आनंद कसला करायचा. तुझ्या भावजयीने मात्र केला. मी तुझं पद सांगेपर्यंत.

सही करताना बाईंच्या टेबलावर तुझं पत्र होतं. मी ते वाचलं. वाचायला नको होतं. 'सहायक दुरुस्तीकार. सहा महिने तपासणीवर. काम समाधानकारक आढळल्यास पुढे विचार.' माझ्या खिशात माझं होतं, परत द्यायला आणलेलं. 'घड्याळतज्ज्ञ. कायम.' तपासणी नाही, सहा महिने नाहीत. माझी चाचणी तर त्यांनी डोळ्यांनी बघितलीही नव्हती.

पूर्वी मी गप्प बसलो असतो. फार तर घरी येऊन म्हटलं असतं, जग असंच आहे. मी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "हे असं का?"

बाई म्हणाल्या, "नवीन माणूस आहे. अट असावी असं सगळ्यांना वाटलं."

"मीही नवीनच होतो," मी म्हटलं.

मला वाटलं त्या मला बाहेर काढतील. त्यांनी दोन्ही कागद जवळ ओढले. मग हळू आवाजात म्हणाल्या, "लक्षातच आलं नाही. मी स्वतः सही केली आहे यावर."

पद आणि अट बदलता येते, असं त्या म्हणाल्या. कोणीतरी लेखी हरकत घ्यावी लागेल, दोन्ही नेमणुकींची पत्रं जोडून. माझ्या पत्राची प्रत माझ्याकडे आहे, तुझ्या पत्राची त्यांच्या फायलीत, म्हणून हरकत मी घेऊ शकतो. मी काल रात्रीच ती लिहून काढली. चांगली झाली आहे, मला बोलता आणि लिहिता बरं येतं, ते एक येतं. पाकिटावर तिकीटही लावलं आणि पेटीपर्यंत गेलो.

तिथून परत आलो. हरकत या पाकिटात आहे, सोबत माझ्या पत्राची प्रत. वाचून बघ. कुठे तुझ्याबद्दल चुकीचं लिहिलं असेल तर खोड. तुलाच स्वतःच्या नावाने द्यायची असेल तर ही प्रत जोडून दे. द्यायचीच नसेल तर फाड, मी पुन्हा विषय काढणार नाही.

पाठवू का, एवढंच विचारायचं आहे. तुझं उत्तर येईपर्यंत मी काही करणार नाही.

ठोंब्या